रोज संध्याकाळची वीस मिनिटं: आजी-आजोबा आणि नातवंडांनी मिळून नक्की काय करावं?

मधली_पायरी

घरात तीन पिढ्या एकाच छपराखाली आहेत. आजोबा ७८, आजी ७३, मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. दोघं इंग्रजी माध्यमात. भांडण नाही, तक्रार नाही, पण संध्याकाळी सातनंतर आजोबा बातम्यांसमोर, आजी देवघरापाशी नाहीतर फोनवर, मुलं आतल्या खोलीत. आम्ही दोघं मध्ये निरोप्यासारखे: "आजोबांना विचार चहा हवा का", "आजी जेवायला बोलावतेय".

"जा, जरा आजोबांशी गप्पा मार" असं सांगून पाहिलं. "शाळा कशी होती?" "छान." दोन मिनिटांत मूल परत.

सणवार, सहली, वाढदिवस हे सगळं होतं. मला रोजचं हवंय. पंधरा-वीस मिनिटांचं, खर्च नसलेलं, शाळेच्या दिवशीही जमेल असं. अडचणी आधीच सांगते: आजोबांना कमी ऐकू येतं, आजींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, मुलाचं लक्ष दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. शिवाय नणंद न्यू जर्सीला आहे, तिचा मुलगा आठ वर्षांचा, त्यालाही यात कसं घ्यायचं? "प्रेमाने वागा" छापाचे सल्ले नकोत. काय करायचं, किती वेळ, काय बिघडतं, एवढं सांगा.

रोळी_आणि_सूप

गप्पा मारायला बसवलेली माणसं गप्प होतात. हातात काम दिलं की तोंड आपोआप सुटतं, कारण एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसायचं ओझं राहत नाही, दोघांची नजर परातीत असते. म्हणून पहिली सवय निवडणं-टिपणं. आजींना त्यातलं खरोखर जास्त कळतं आणि मुलाच्या हातून झालेलं काम रात्री खरोखर ताटात येतं. लुटुपुटूचं काम मुलांना लगेच ओळखू येतं.

सुरुवात मेथीपासून करा. एक जुडी, तीन भांडी. एकात निवडलेली, दुसऱ्यात टाकायची, आणि तिसरी एक लहान ताटली: "शंका". जे पान पिवळट वाटतं, जी दांडी ठेवावी की टाकावी कळत नाही, ते मुलाने शंकेच्या ताटलीत ठेवायचं. दर पाच मिनिटांनी आजी ती ताटली निकालात काढतात. सगळं बोलणं या ताटलीभोवती होतं, म्हणून ती विसरू नका. दांडीची परीक्षा सोपी आहे: नखाने टचकन तुटली तर कोवळी, ठेवायची, वाकली आणि सालपट ओढलं गेलं तर जून, टाकायची. मुलं पहिल्या दिवशी एकेक पान खुडत बसतात आणि कंटाळतात. शेंड्याकडची कोवळी दांडी पानांसकट घ्यायची असते हे आधी दाखवा, जुडी वीस मिनिटांत होते.

आठवड्यातून एकदा कडवे वाल. या कामात दोन पिढ्या सर्वांत जास्त रमतात, फक्त त्याचं वेळापत्रक नीट लावावं लागतं. सोलायचं काम मंगळवारी संध्याकाळी सातला हवं असेल तर:

सोमवारी सकाळी पाव किलो वाल भरपूर पाण्यात भिजत घाला. चार जणांच्या बिरड्याला पाव किलो पुरतात.
सोमवारी रात्री उपसून, एकदा धुऊन, ओलसर पंचात घट्ट बांधा आणि रोळीत झाकून ठेवा. मंगळवार संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीत उशीर लागतो, तेव्हा गाठोडं स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवायचं.
सोलायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं हाताला सहज सोसेल इतक्या कोमट पाण्यात घाला. मग दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की डाळिंबी सालीतून सुळकन बाहेर येते.

पाणी कढत असलं तर दाणा मऊ पडून दोन फाकी होतात. पाणी गार असलं तर साल चिकटून बसते आणि नखं दुखतात. पंचात पाणी साठून राहिलं तर दाणे बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो; म्हणून बांधण्याआधी रोळीत दहा मिनिटं निथळू द्या. सहा वर्षांच्या मुलाला सगळा पाव किलो पुढ्यात दिलात तर तो घाबरेल. त्याला एक वाटी द्या. वाटी संपली की त्याची सुट्टी.

आजींच्या गुडघ्यांचं: खाली बसायची काहीच गरज नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरा, परात मधोमध, मुलाच्या खुर्चीवर उशी ठेवा म्हणजे कोपरं टेबलाच्या वर येतील. कोपरं खाली लोंबकळत असली की मूल पाच मिनिटांत दमतं, आणि लक्ष नाही म्हणून आपण त्याला बोलतो. विळी आणि सुरी या कामात आणूच नका.

हंगामाप्रमाणे काम बदलत राहतं. हिवाळ्यात मटार, पावटा, ओल्या तुरीच्या शेंगा. उन्हाळ्यात लसूण सोलून ठेवणं, चिंच फोडून चिंचोके वेगळे करणं. चिंचोके टाकू नका, खेळायला लागतील.

कानोसा

आजोबांच्या ऐकण्याकडे आधी बघा. ते नीट झालं नाही तर बाकी काहीच रुजणार नाही.

वयाप्रमाणे ऐकू कमी येतं तेव्हा आवाज सगळीकडून सारखा कमी होत नाही. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. लहान मुलांचा आवाज पातळ, वरच्या पट्टीतला. शिवाय स, श, फ, त, क यांसारखी व्यंजनं अंधुक होतात, स्वर तेवढे पोचतात. म्हणून आजोबांना मुलगी बोलतेय हे कळतं, काय बोलतेय ते कळत नाही. ते "हो, हो" म्हणतात, मुलीला वाटतं त्यांना रस नाही. अनेक घरांतला दुरावा एवढ्याच कारणाचा असतो, आणि तो अर्ध्या तासात कमी करता येतो.

टीव्ही म्यूट नको, पूर्ण बंद, कारण हलत्या चित्राकडे लक्ष जातं. पंखा शक्य तेवढा हळू. स्टीलच्या ताटांचा खणखणाट चालू असेल तर ओट्यापासून दूर बसा. मुलीची खुर्ची आजोबांच्या समोर, दोन-तीन फुटांवर. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला थोडी झुकती. उजेड मुलीच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे, पाठीमागून नको, कारण आजोबा नकळत ओठ वाचत असतात.

मुलीला दोनच नियम शिकवा. ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. आणि एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलायचे. "फी भरली" ऐकू आलं नाही तर "शाळेचे पैसे दिले". दहा वर्षांच्या मुलांना हे लवकर जमतं, मोठ्यांपेक्षा लवकर.

कान तपासून घेतले नसतील तर घ्या. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो, तो डॉक्टरांकडूनच काढा, घरी काडी घालू नका. यंत्र असेल तर त्याचे बारीक गोल सेल सहा वर्षांच्या मुलापासून लांब ठेवा. असा सेल गिळला तर जिवावर बेतू शकतं. शंका जरी आली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

औट_हात

आजोबांसाठी परवचा. दिवेलागणीला शुभंकरोती, त्यानंतर पाढे, ही जुनी घडी आहे, पण ती जशीच्या तशी उचलली तर इंग्रजी माध्यमाची मुलं तिसऱ्या दिवशी पळतील. दोन ते तीस सलग म्हणून घेणं ही शिक्षा वाटते.

आधी आकड्यांची नावं. आजोबा "एकोणऐंशी" म्हणाले की मुलगी थबकते, हा तुमच्या घरातला खरा खड्डा असणार. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, तो याच अडचणीवरून. बाजू कोणतीही घ्या, घरात आजोबांचे आकडे कळलेच पाहिजेत, नाहीतर त्यांचा पगार, त्यांचं गाव सोडलेलं साल, गाडीचं भाडं, यातलं काहीच पोचत नाही.

रोज पाचच आकडे. एकोणची युक्ती आधी सांगायची: एकोण म्हणजे एक उणा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो, फक्त नव्व्याण्णवला चालत नाही. तो अपवाद मुलांना फार आवडतो, त्यांना स्वतःला शोधू द्या. मग गोंधळाच्या जोड्या: त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर, शहात्तर आणि शहाऐंशी. सरावाला वेगळी वही नको. आजोबांनी फोन नंबर दोन-दोन आकडे जोडून मराठीत सांगायचा आणि मुलीने तो लावायचा. नंबर लागला की बरोबर.

पाढे उलटे विचारा. "सहा साते किती?" असं न विचारता "बेचाळीस कुठे कुठे येतात?" मुलीने सांगायचं: सहा साते, सात सक, चौदा त्रिक, एकवीस दुणे. आता आजोबांनाही विचार करावा लागतो, दोघं एका बाजूला येतात. परीक्षक आणि विद्यार्थी हे नातं रोज रोज नको.

नंतर आजोबांच्या पोतडीतला खरा माल काढा: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे. औट म्हणजे साडेतीन. माणसाचा देह औट हातांचा म्हणतात तो हाच. मुलीला आपल्या हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आजोबांची उंची मोजू द्या, मग आजोबांच्या हाताने मोजा. साडेतीन कधी येतात आणि कधी का येत नाहीत यावर एक संध्याकाळ निघते. म्हणायची चाल घरोघरी निराळी, तुमच्या आजोबांची जी असेल तीच धरा.

पाढा पाठ झाला की लगेच वापरात आणा, नाहीतर तो नुसता घोकला जातो. दूध रोज दीड लिटर, लिटरचा भाव साठ धरला, महिन्याचं बिल किती? दिडकीने तीस दिवसांचे पंचेचाळीस लिटर, साठाने सत्तावीसशे. मुलगी कागदावर करेल, आजोबा तोंडी. पहिले दोन महिने आजोबा आधी सांगतील. दूधवाल्याच्या आणि इस्त्रीवाल्याच्या हिशोबाची वही महिनाभर या दोघांकडेच देऊन टाका. चुकली तर दोघं मिळून चूक शोधतील, तुम्ही हात घालू नका.

वेळ दहा मिनिटं. पंधरा झाली तर आजोबांना चेव येतो आणि मुलीला झोप.

किलवर_गुलाम

तिघं असतील तर पाच-तीन-दोन. आजी, आजोबा, नात. तिघांसाठी याच्याइतका बांधेसूद खेळ दुसरा नाही.

पानं तीस लागतात: चारही रंगांची आठपासून एक्क्यापर्यंत अठ्ठावीस, आणि इस्पिक व बदामाची सत्ती. आधी प्रत्येकाला पाच पानं. ज्याला पाच हात करायचे आहेत त्याने पाच पानं बघून हुकूम बोलायचा, मग उरलेली पाच-पाच वाटायची. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, तिसऱ्याने तीन. ज्याचे हात वरचढ होतील त्याने पुढच्या डावात, ज्याचे कमी पडले त्याच्याकडून तेवढी पानं ओढायची आणि बदल्यात आपली नको असलेली द्यायची. दर डावाला भूमिका फिरतात, त्यामुळे कोणी कायम वरचढ राहत नाही. एक डाव पाच-सात मिनिटांचा. रोज तीन डाव म्हणजे प्रत्येकाची एक फेरी पुरी.

सहा वर्षांच्या मुलाला यात घेऊ नका, रडारड होईल. त्याच्यासाठी भिकार-सावकार: पानं सारखी वाटायची, न बघता एकेक टाकायचं, आकडा जुळला की खालचा गठ्ठा आपला. बुद्धी लागत नाही म्हणूनच तो आजीला खरोखर हरवू शकतो. नंतर बदाम सात. बावन्न पानं वाटून टाकायची, बदामाची सत्ती ज्याच्याकडे त्याची सुरुवात, पुढे त्याच रंगाची सहा-आठ किंवा दुसऱ्या रंगाची सत्ती लावत जायचं. यात पान अडवून ठेवायची युक्ती मुलं आजीकडूनच शिकतात.

बोटं आखडली असतील तर दहा पानं पंख्यासारखी धरता येत नाहीत. कपडे धुवायचा कोरा ब्रश उलटा ठेवा, दातांमध्ये पानं उभी राहतात. नजरेसाठी मोठ्या आकड्यांचा कॅट आणा. मुद्दाम हरू नका. मुलांना कळतं, आणि मग खऱ्या जिंकण्यातही चव राहत नाही. हरवायचंच नसेल तर एक पान जास्त ओढायची सवलत उघडपणे द्या. "हे पान का टाकलंस?" हा प्रश्न डाव संपल्यावर, एकदाच.

चिंचोक्यांचं वर निघालंच आहे तर: चिंचोका खडबडीत फरशीवर ओला करून घासला की एक बाजू पांढरी होते. असे चार झाले की कवड्या विकत आणायला नकोत. पाच गुणिले पाच घरांचा पट खडूने टेबलावर आखा, चल्लस आठ सुरू. चारही पांढरे वर पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं. सोंगटी पटावर यायलाही हीच दानं लागतात. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. बाकीचे नियम गावागणिक बदलतात, तिथे आजींचा शब्द शेवटचा. नियम आजींच्या तोंडून ऐकायला लागावेत म्हणून छापील पट आणू नका असं माझं म्हणणं आहे.

मधली_पायरी

सगळं उतरवून घेतेय. टीव्ही पूर्ण बंद आणि खुर्ची समोर, एवढं आजच केलं. तीन शंका.

एक, आजी म्हणतात पोरांना कशाला कामाला लावता, मी करते ना. दोन, रोज वेगळं करावं की रोज तेच? तीन, न्यू जर्सी राहिलंच.

अटलांटिकपार

न्यू जर्सीचं मी सांगतो. सगळ्यात मोठी चूक वेळेची. बहुतेक घरं शनिवारी रात्री तासभर व्हिडिओ कॉल लावतात. आठ वर्षांच्या मुलाला तासभर पडद्यासमोर बसवलं की तो तिसऱ्या आठवड्यापासून टाळतो.

हिशोब बघा. न्यू जर्सी हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे तिथल्या सकाळी सातला इथे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. त्याचा नाश्ता आणि आजींचा दुपारचा चहा एकाच वेळी येतात. हीच वेळ धरा. रोज आठ मिनिटं, दोघंही खात असताना. शाळेची बस असल्यामुळे कॉल आपोआप संपतो, आणि तो संपण्याची खात्री असल्यामुळेच मूल आनंदाने बसतं. घड्याळ बदलतं त्या आठवड्यात आजी तासभर ताटकळतात, तेव्हा या दोन तारखा कॅलेंडरवर आधीच लाल करा. लंडनवाल्यांसाठी फरक साडेपाच आणि साडेचार तासांचा, आणि तिथलं घड्याळ मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं.

फोन हातात धरू नका. डब्यांच्या चळतीवर, डोळ्यांच्या उंचीला, खिडकी समोर. हातात धरला की नातवाला फक्त आजीचं कपाळ आणि पंखा दिसतो.

आणि "काय खाल्लंस" या प्रश्नाऐवजी चालू असलेली एखादी गोष्ट हवी. बुद्धिबळाचे दोन पट, एक इथे, एक तिथे, दिवसाला एकच चाल. चाल फोनवर सांगायची, दोन्हीकडे सोंगटी हलवायची, पट तसाच ठेवायचा. दिवसभर येता-जाता दोघंही पटाकडे बघतात. पट जेवणाच्या टेबलावर ठेवलात तर पुसताना सगळं उधळतं, उंच फडताळावर ठेवा आणि रोजची मांडणी फोटोत घ्या. बुद्धिबळ येत नसेल तर शब्दांच्या भेंड्या: आजीचा एक शब्द, त्याच्या शेवटच्या अक्षराचा नातवाचा एक. वहीत लिहून ठेवा. "ण" आणि "ळ" आले की अडतं, तेव्हा जवळचं "न" आणि "ल" चालेल हे आधी ठरवून घ्या.

माजघर

आजोबांच्या बाजूने एक भर घालते. "तुमच्या लहानपणचं सांगा ना" या प्रश्नाला उत्तर येत नाही, कारण तो फार मोठा आहे. त्याऐवजी एक कोरा कागद आणि पेन्सिल द्या आणि म्हणा, "तुम्ही लहान होतात त्या घराचा नकाशा काढा." ओसरी, पडवी, माजघर, न्हाणीघर, परसू. चाळ असेल तर खोल्या, गॅलरी, जिना, सार्वजनिक नळ. मुलांनी विचारायचे प्रश्न बारीक: दार कुठे उघडायचं? पाणी कुठून यायचं? झोपायला कोण कुठे? चूल कुठे, धूर कुठून जायचा? दिवा कुठे अडकवायचा? एका दिवशी एकच खोली. नकाशा चुकतो, खोडला जातो, आजी म्हणतात "नाही, न्हाणीघर उजवीकडे होतं", आणि बोलणं वाहायला लागतं.

रविवारी एक जुना फोटो. एकच. अल्बम अख्खा उलगडू नका, पंचवीस फोटो झरझर उलटले की एकही मनात राहत नाही. डावीकडून क्रमाने नावं आणि नातं मुलीने लिहायचं: आतेभाऊ, मावससासू, चुलत नणंद. "अंकल" लिहायला बंदी. मराठीत प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द असल्यामुळे तो शोधताना मुलीला सगळी घरं जोडावी लागतात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचे वळ पुढे उमटतात आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. जुन्या कागदी फोटोंवर मऊ पेन्सिल चालते, रंगीत गुळगुळीत पाठीवर ती उठतच नाही. तिथे फोटो लिफाफ्यात घालून लिफाफ्यावर लिहा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढले तर फाटतात. दात साफ करायचा दोरा फोटोमागे सारून हळूहळू करवतासारखा सरकवा, आणि तरीही हलला नाही तर तिथेच ठेवून मोबाईलने फोटो घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून.

उंबरठ्याशी

थोडं वेगळं सांगतो, कारण वरच्या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: आजी-आजोबांची तयारी. त्यांना विचारलंत का? सात ते साडेसात बातम्या हा आजोबांचा दिवसभरातला एकमेव स्वतःचा कार्यक्रम असेल तर तो बंद करून पाढे लावणं अन्याय आहे. वेळ त्यांनी ठरवायची. नातवंडांचा अभ्यास घेणं, गृहपाठ तपासणं हेही यात मिसळू नका. त्याने शिकवणी होते, जवळीक होत नाही, आणि मार्क कमी पडले की दोष त्यांच्यावर येतो.

कुणाला विस्मरणाचा आजार असेल तर संध्याकाळ टाळा. अशा माणसांची अस्वस्थता बऱ्याचदा दिवस मावळताना वाढते, सकाळचा नाश्ता झाल्यानंतरची वेळ बरी. त्यांना "ओळखा पाहू मी कोण?" असं कधीही विचारू नये. मुलाने आपणहून सांगावं, "आजोबा, मी अमुक, तुमच्या मुलीचा मुलगा." जुना नकाशा काढायलाही लावू नका, वाती वळणं, शेंगा सोलणं यांसारखं हाताच्या ओळखीचं काम पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतं.

आणि मधल्या पिढीने त्या वीस मिनिटांत खोलीतून निघून जावं. दारातून "अगं, आजोबांना नीट सांग" असं ओरडत राहिलात तर तुमचं निरोप्याचं काम कधीच सुटणार नाही. आजी चुकीचा नियम सांगतील, मुलगी चुकीचा शब्द वापरेल. वापरू द्या.

रोळी_आणि_सूप

तुमच्या तीन शंकांतल्या राहिलेल्या दोन.

आजींना "पोरांना कामाची सवय लागावी" म्हणू नका, त्या म्हणतील मी आहे ना. त्यांना म्हणा, "हिला फुलवात येत नाही, शिकवाल का?" शिकवायला बोलावलं की कोणतीही आजी नाही म्हणत नाही. फुलवात: चिमूटभर कापूस बोटांनी विंचरून रुपयाएवढा गोल पसरायचा, मधोमध धरून कडा वर गोळा करायच्या आणि दुधाचं बोट लावून शेंडी वळायची. दुधाने शेंडी ताठ राहते. हात ओले असतील तर कापूस बोटांना चिकटून गोळा होतो, म्हणून दुधाची वाटी बाजूला आणि ओलं फक्त एकच बोट. शेंडी सैल राहिली तर वात भसाभसा जळते, फार पीळ दिला तर तूप वर चढत नाही आणि ज्योत मिणमिणते. मुलीची पहिली वात त्याच संध्याकाळी निरांजनात लावा, कशीही जळली तरी. मुलाला वस्त्रमाळेच्या मण्यांवर ओलं कुंकू टेकवायला द्या.

रोज तेच की वेगळं? वेळ तीच, जागा तीच, काम वाराप्रमाणे. सोमवार मेथी, मंगळवार वाल, बुधवार-गुरुवार परवचा, शुक्रवार पत्ते, शनिवारी ज्याला जे हवं ते, रविवारी फोटो. कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि तो कागद मुलीच्या अक्षरात, आजोबांना चष्म्याशिवाय दिसेल एवढा मोठा असू द्या. परीक्षेच्या आठवड्यात बंद करू नका, पाच मिनिटांवर आणा. पूर्ण बंद पडलेलं पुन्हा सुरू करायला नव्याने सुरू करण्यापेक्षा जास्त जोर लागतो.

मधली_पायरी

वाल आज सकाळी भिजत घातले. पाव किलोच. रात्री पंचात बांधायच्या आधी दहा मिनिटं निथळायचे, लक्षात आहे. मोड कमी आले तर बुधवारी सोलले तर चालतील ना?

रोळी_आणि_सूप

चालतील. फक्त मंगळवारी संध्याकाळी गाठोडं सोडून एकदा गार पाण्यातून काढा, परत निथळून बांधा. आणि ते सोडायला मुलाला बोलवा, मोड आलेत का ते त्याने आजींना सांगायचं.